नाक बाहेर का जातं? ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या अलाइनमेंटवर वाचकांचे प्रश्न

गेल्या वेळी मी लिहिलं होतं की ऑल-व्हील-ड्राइव्हचा, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणाऱ्या यंत्रणेचा, उपयोग वळणातून बाहेर पडताना होतो, वळणात शिरताना नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. आधी गाड्यांच्या चाचण्यांमध्ये आणि आता पिंपरीतल्या माझ्या अलाइनमेंट सेंटरमध्ये मी रोज हेच काम करते, आणि माझं मत पक्कं आहे: जोरकस गाडीवर पार्टचा खर्च करण्याआधी चार टायर आणि त्यांचे कोन नीट करून घ्या. त्यानंतरही तक्रार राहिली तर पुढचं बोलू.

मॅडम, माझी बीएमडब्ल्यू एम ३४० आय आहे. एक्स्प्रेस वेवर गाडीबद्दल काहीच तक्रार नाही. पण ताम्हिणीत घट्ट वळणावर अॅक्सिलरेटर दिला की नाक बाहेर जातं. मित्र म्हणतो, मागचा अँटी-रोल बार जाड टाक, प्रश्न मिटेल. टाकू का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

आत्ता टाकू नका. आधी नाक नेमकं कधी बाहेर जातं, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही गाडीचा पुढचा भाग वळणाबाहेर कधी सरकतो, ते बघू. वळणात शिरताना, मधोमध असताना, की बाहेर पडताना? तिन्हींची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे. उत्तर तुमच्याच पत्रात आहे: अॅक्सिलरेटर दिल्यावर.

टायरची पकड ठरलेली असते. वळायचं, थांबायचं आणि ओढायचं, सगळं त्याच पकडीतून भागवावं लागतं. पण हा हिशेब साध्या वजाबाकीचा नाही. पकडीतले ६० टक्के ओढण्यात गेले तरी वळायला ८० टक्के उरतात, त्यामुळे ड्रायव्हरला काही जाणवत नाही. ८० टक्के गेले की ६० उरतात. ९० गेले की जेमतेम ४४. म्हणजे पाय शेवटचा थोडासा दाबला की वळण्याची ताकद एकदम निम्म्याखाली येते. नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढच्या टायरवर हा ओढण्याचा भार पडतच नाही. तुमच्या गाडीची एक्सड्राइव्ह ही ऑल-व्हील-ड्राइव्ह यंत्रणा एरवी बरीचशी ताकद मागे ठेवते आणि गरज पडली की ट्रान्सफर केसमधला (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीतला) क्लच आवळून पुढच्या चाकांकडे पाठवते. घाटातल्या घट्ट वळणावर जोरात पाय दिला की ती गरज पडतेच, आणि नेमका तेव्हाच पुढचा टायर वळण्यात गुंतलेला असतो. त्यात भर म्हणजे वेग वाढताना गाडीचं वजन मागे सरकतं आणि पुढचे टायर आणखी हलके होतात.

म्हणून पहिला बदल तुमच्या उजव्या पायात. वळणाचं दुसरं टोक दिसून स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की मग दाबा. गाडी शांतपणे आत राहील आणि बाहेरही लवकर पडेल.

दुसरं काम टायर तपासायचं. पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर, म्हणजे जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, बारीक त्रिकोण कोरलेला असतो. झीज मोजायची खूण कुठे आहे हे तो दाखवतो. त्या त्रिकोणावरून आडवी, नक्षीपासून खाली भिंतीपर्यंत, खडूची जाड रेघ ओढा. टायरभर तीन-चार ठिकाणी ओढा. मग परवानगी घेऊन एखाद्या मोकळ्या, बंद मैदानात मध्यम वेगात दोन्ही दिशांना गोल फेऱ्या मारा. ताम्हिणीत हा प्रयोग अजिबात नको, तिथे समोरून एसटी येते. उतरून रेघ बघा. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर टायर बरोबर टेकतोय. त्रिकोण ओलांडून खाली भिंतीवरचाही खडू गेला असेल तर टायर बाहेरच्या कडेवर लोळतोय. हवा कमी आहे, नाहीतर निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असण्याचा कोन, अपुरा आहे. आधी हवा तपासा, आणि तीही सकाळी, टायर थंड असताना. तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेले असतात, त्यामुळे तिथला आकडा फसवा असतो.

आता तो जाड अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडी कमी कलावी म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांकडे वजन सरकतं. एकूण किती सरकायचं ते वेग, वळण आणि गाडीची उंची-रुंदी ठरवते. त्यातलं पुढून किती आणि मागून किती, एवढंच बार ठरवतात. मागचा बार जाड केला की मागचा वाटा वाढतो आणि मागच्या जोडीची पकड घटते. पुढचा वाटा कमी होतो, त्यामुळे पुढची पकड थोडी सुधारते. तोल बदलतो, यात शंका नाही. पण कोरड्या मार्चमध्ये जी गाडी चपळ वाटते तीच जुलैमध्ये, ओल्या आणि खडबडीत वळणावर, आतलं मागचं चाक हलकं झाल्यामुळे शेपूट सोडू शकते. ताम्हिणीचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. शिवाय गाडीला कंपनीकडूनच मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद मिळाले असतील, तर नाक आधी सरकावं हे अभियंत्यांनी मुद्दाम ठरवलेलं आहे. सामान्य ड्रायव्हरला ते सावरायला सोपं जातं.

चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या आणि छापील कागद मागून घ्या. मागच्या चाकांत टो-इन, म्हणजे चाकांची पुढची तोंडं किंचित आत वळलेली असणं, गरजेपेक्षा जास्त असेल तर मागचा भाग हट्टाने सरळ राहतो आणि नाक वळायला तयार होत नाही. तो कोन कंपनीच्या मर्यादेत पण कमी बाजूला आणला तर फरक जाणवेल, आणि पैसे लागतील फक्त मजुरीचे.

दर किती किलोमीटरला अलाइनमेंट करावं?
— एक वाचक, नाशिक

दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते. पण नवे टायर घातले, टाय रॉड किंवा आर्म बदलला, स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली, किंवा खड्ड्यात आपटून स्टिअरिंग जरा जरी तिरकं झालं, तर वाट बघू नका. मधल्या काळात तळहात वापरा. टायरच्या नक्षीवरून हात बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवा. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना धारदार लागलं तर टो-इन जास्त आहे. उलट लागलं तर टो-आउट, म्हणजे चाकांची तोंडं बाहेर वळलेली.

ताई, माझं सांगलीत अलाइनमेंट सेंटर आहे, थ्रीडी मशीन घेतलंय. हल्ली ऑडी क्वात्रो आणि तसल्या मोठ्या गाड्या येतात. मशीनवर सगळं हिरवं दिसतं, तरी गिऱ्हाईक परत येतं. कुणाचं स्टिअरिंग तिरकं, कुणी म्हणतं डाव्या वळणाला गाडी वेगळी वागते. आमचं काय चुकतंय?
— एक वाचक, सांगली

दादा, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. हिरवा रंग दिसला की गाडी खाली उतरवणारे पुष्कळ आहेत. तुम्ही का ते विचारताय.

हिरव्याचा अर्थ एवढाच की तो एक आकडा कंपनीच्या मर्यादेत आहे. डावा आणि उजवा एकमेकांशी जुळतात का, हे तो सांगत नाही. समजा मागच्या प्रत्येक चाकाला ० ते २० मिनिटं (एका अंशाची ६० मिनिटं) टो-इन चालतं. डाव्या मागच्याला २० मिनिटं आहे आणि उजव्याला शून्य. दोन्ही हिरवे. पण दोन चाकं मिळून गाडीचा मागचा भाग १० मिनिटं उजवीकडे ढकलतात. हाच थ्रस्ट अँगल. गाडी सरळ चालली तरी अंग किंचित तिरकं ठेवून चालते. दोन्ही एक्सलमधलं अंतर २.८ मीटर धरलं तर मागचा भाग सुमारे ८ मिलिमीटर बाजूला चालतो. आणि तुम्ही पुढचं टो आधी करून मागचं नंतर फिरवलं असेल, तर पुढच्या चाकांनाही तेवढंच वळून राहावं लागतं. स्टिअरिंगचं प्रमाण १५ ला १ धरा: चाकाच्या १० मिनिटांसाठी स्टिअरिंग अडीच अंश तिरकं. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला ते लगेच खुपतं.

आता डाव्या वळणाची तक्रार. उजव्या वळणात भार डाव्या मागच्या चाकावर येतो. त्याला २० मिनिटं टो-इन आहे, म्हणजे ते आधीच वळणाच्या आत तोंड करून आहे. मागचा भाग घट्ट धरून राहतो. डाव्या वळणात भार उजव्या मागच्यावर येतो आणि त्याला टो-इनच नाही, त्यामुळे मागचा भाग सैल वाटतो. एकाच गाडीचे दोन स्वभाव होतात. जोरकस गाडी चालवणाऱ्याला हे पहिल्याच घाटात कळतं, आणि त्याला ते धड शब्दांत सांगता येत नाही म्हणून तो नुसता "वेगळी वागते" म्हणतो. त्याच्यावर विश्वास ठेवा.

म्हणून क्रम सोडू नका. गाडी मशीनवर घेण्याआधी चारही टायरचा दाब स्वतःच्या गेजने सारखा करा. चाक उचलून नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. खडखडलं तर टाय रॉड बघा. बारा आणि सहाच्या जागी हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, फाटलेले असतील तर कोन लावण्यात अर्थ नाही. गाडी तिथून दोनशे मीटर जाईपर्यंत ते बदललेले असतात. चाकावर मशीनचे क्लॅम्प बसवल्यावर रन-आउटची, म्हणजे रिमचा वाकडेपणा मोजून वजा करायची, पायरी गाळू नका, आपल्या रस्त्यांवर रिम वाकलेली नाही अशी गाडी विरळा. मग आधी मागचा कॅम्बर, नंतर मागचं टो, दोन्ही बाजू एकमेकांशी दोन-तीन मिनिटांच्या आत जुळवून. मग पुढचा कॅम्बर, जर त्या गाडीत फिरवता येत असेल तर. सगळ्यात शेवटी स्टिअरिंग सरळ लॉक करून पुढचं टो.

उंचीकडेही लक्ष द्या. काही कंपन्या कोनाचे आकडे ठरावीक वजनावर देतात. बीएमडब्ल्यूच्या जुन्या गाड्यांसाठी वर्कशॉपच्या पुस्तकात पुढच्या दोन्ही सीटवर ६८-६८ किलो, मागच्या सीटच्या मधोमध ६८ किलो, डिकीत थोडं वजन आणि टाकी भरलेली, अशी मांडणी सांगितलेली असे. मल्टी-लिंक सस्पेन्शनमध्ये गाडी बसली की कॅम्बर आणि टो दोन्ही सरकतात. एक मालक गाडीत एकटा फिरतो, दुसरा पाच माणसं आणि सामान घेऊन कोकणात जातो. दोघांना विचारा आणि मग काम करा.

टो मात्र जपून, दादा. ०.१ अंश म्हणजे ६ मिनिटं, दिसायला काहीच नाही. पण तेवढ्या तिरक्या चाकाला दर किलोमीटरला पावणेदोन मीटर बाजूला घासत जावं लागतं. दहा हजार किलोमीटरमध्ये ते साडेसतरा किलोमीटर झाले. टायर कशाने खाल्ला, असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा हा हिशेब त्याला कागदावर मांडून दाखवा.

आणि काम संपल्यावर स्कॅनर लावून स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणा. चारही चाकांना ताकद देणाऱ्या आधुनिक गाड्यांत ताकद कुठे पाठवायची हे ठरवणारा संगणक चाकांचा वेग, गाडीचं फिरणं आणि स्टिअरिंगचा कोन बघतो. सेन्सर दोन अंश चुकीचं सांगत असेल तर सरळ रस्त्यावरही संगणकाला वाटतं ड्रायव्हर वळतोय. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत तोही जुळवावा लागतो. ती सोय तुमच्याकडे नसेल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा आणि बिलावर लिहा.

नमस्कार. आमच्याकडे मॅन्युअल गिअरची सुबारू डब्ल्यूआरएक्स आहे. एका टायरची भिंत कापली गेली. बाकीचे तीन अर्धवट झिजलेत, मोजले तर ५ मिलिमीटर नक्षी शिल्लक आहे. दुकानदार म्हणतो चारही बदला. हा विक्रीचा डाव आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी, अमेरिका

डाव नाही. तो बरोबर सांगतोय, फक्त एक स्वस्त मार्ग त्याने सांगितला नाही.

नवीन टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर असते. तुमच्या तिघांत ५ आहे. म्हणजे नव्या चाकाची त्रिज्या ३ मिलिमीटर जास्त आणि परीघ जवळजवळ १९ मिलिमीटर जास्त. सुबारूची अमेरिकेतली सूचना चारही टायरच्या परिघात पाव इंच, म्हणजे सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास, एवढाच फरक चालवून घेते. सोपं लक्षात ठेवायचं तर नक्षीतला १ मिलिमीटर फरक म्हणजे जवळजवळ ती पूर्ण मर्यादा.

२३५/४५ आर १७ मापाचं चाक किलोमीटरला पाचशेच्या आसपास फेऱ्या मारतं. १९ मिलिमीटर फरक असला तर झिजलेली चाकं किलोमीटरला साडेचार फेऱ्या जास्त मारतात. पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये सरासरीने याच्या निम्मा फरक पोचतो. तुमच्या मॅन्युअल गाडीत मधल्या डिफरेन्शियलवर, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलना वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर, व्हिस्कस कपलिंग आहे: सिलिकॉन तेलात बुडालेल्या चकत्या. दोन्ही एक्सल वेगळ्या वेगाने फिरले की तेल घुसळलं जाऊन तापतं आणि कपलिंग घट्ट होत जातं. घसरड्या बर्फात क्षणभर हे व्हावं म्हणूनच ते बसवलंय. रोज तासन्‌तास सरळ हायवेवर होण्यासाठी नाही. आणि कपलिंग अर्धवट घट्ट असेल तर वळणात पुढचे आणि मागचे टायर एकमेकांना ओढत राहतात. तोल बिघडतो आणि बोट दाखवलं जातं अलाइनमेंटकडे.

अमेरिकेत नवा टायर यंत्रावर घासून झिजलेल्या टायरच्या जाडीवर आणून देणारी दुकानं आहेत. त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, त्याच मापाचा एक टायर घेऊन ५ मिलिमीटरपर्यंत घासून घ्या. बाकी तिघांत ५ मिलिमीटर आहे, म्हणजे अजून बरीच चाल शिल्लक आहे, चारही फेकायची गरज नाही. थंडीचे टायर वापरत असाल तर तेही चारच्या चार सारखे हवेत.

टायर कापला गेला तेव्हा चाक कशावर तरी आपटलं असेल. पुढच्या स्ट्रटच्या खालच्या टोकाला दोन बोल्ट असतात, त्यातला वरचा विकेंद्री, कॅम्बर फिरवायचा. मोठ्या धक्क्याने तो सरकतो. कागदावर डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर आधी तो बोल्ट तपासून घ्या.

ऐंशीच्या दशकात मी ऑडी क्वात्रोच्या रॅलीचे फोटो जमवत असे. तुम्ही म्हणता चारचाकी ओढीची गाडी नाकाने बाहेर जाते, आणि क्वात्रोचं इंजिन तर पुढच्या एक्सलच्याही पुढे होतं. मग ती जिंकली कशी?
— एक वाचक, कोल्हापूर

काय सुंदर प्रश्न आहे! क्वात्रो मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली, पाच सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि २०० अश्वशक्ती घेऊन. १९८१ मध्ये सान रेमोला मिशेल मुतोंने ती जिंकवली आणि जागतिक रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. हे नाव मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते. १९८२ ला कंपनीचं विजेतेपद, १९८३ ला हानू मिकोला, १९८४ ला स्टिग ब्लोमक्विस्ट.

नाक जड होतंच. चिखल, बर्फ आणि खडीवर बाकीच्या गाड्या दोन चाकं नुसती फिरवत असताना क्वात्रो सुटायची, आणि त्या ओढीचा फायदा वळणातल्या तोट्यापेक्षा मोठा ठरला. वळायचं काम ड्रायव्हर पायाने करत. डावा पाय ब्रेकवर, उजवा अॅक्सिलरेटरवर: ब्रेकने वजन पुढे आणायचं, मागचा भाग हलका करून फिरवायचा आणि नाक वळणाच्या आत गेलं की सगळी ताकद सोडायची. वळणाआधी गाडी उलट्या बाजूला झोकून मग आत टाकायची पद्धतही त्याच गरजेतली.

पण मधे इंजिन असलेली पूजो २०५ टी १६ आली आणि १९८५ चं विजेतेपद तिने नेलं. ऑडीने तोपर्यंत स्पोर्ट क्वात्रोत दोन एक्सलमधलं अंतर ३२० मिलिमीटरने कमी केलं होतं. तिच्याच पुढच्या आवृत्तीत, एस १ ई २ मध्ये, तर रेडिएटर उचलून मागे डिकीच्या जागी नेला, नाकावरचं वजन कमी व्हावं म्हणून. तुमच्या संग्रहात मागे मोठ्या जाळ्या असलेला फोटो असेल तर तो त्या गाडीचा.

पुढची सगळी गोष्ट याच एका अडचणीची आहे. १९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आरने एरवी मागची चाकं चालवायची आणि गरजेपुरती पुढे ताकद पाठवायची असं केलं. मित्सुबिशीने १९९६ च्या लान्सर इव्होल्यूशन ४ मध्ये मागच्या दोन चाकांत ताकद वेगवेगळी वाटून गाडी फिरवायला सुरुवात केली. आजची मर्सिडीज-एएमजी ए ४५ एस मागे दोन क्लच ठेवून तेच करते. मला या यंत्रणा मनापासून आवडतात. पण त्या सगळ्या टायरकडूनच काम करून घेतात, आणि टायर बाहेरच्या कडेवर लोळत असेल तर कुठल्याच क्लचला त्यातून जास्त पकड काढता येत नाही.

ताई, मी श्टुटगार्टला नोकरी करतो. जुनी गोल्फ आर घेतलीय, सातव्या पिढीची. रोज ऑफिसला नेतो आणि अधूनमधून ट्रॅकवर. डाव्या पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा खाल्ला जातोय. ओळखीतल्या एकाने पुढे उणे ३ अंश कॅम्बर आणि दर चाकाला २ मिलिमीटर टो-आउट सांगितलंय. मागचं काही करायची गरज नाही म्हणतो. करू?
— एक वाचक, श्टुटगार्ट, जर्मनी

त्याच्या शर्यतीच्या गाडीला हे आकडे चालत असतील. तू रोज ऑफिसला जातोस, तुझ्यासाठी हे नकोत.

डावाच टायर का, ते आधी. हॉकेनहाइम आणि नुर्बुर्गरिंग, दोन्ही ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतात. उजवी वळणं जास्त, भार डाव्या पुढच्या चाकावर. गोल्फच्या पुढच्या मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शनमध्ये गाडी कलली की कॅम्बर अंगाच्या कलण्याइतका भरून निघत नाही, त्यामुळे बाहेरचा टायर उभा राहायच्या ऐवजी बाहेर लवंडतो. म्हणून स्थिर असताना जास्त निगेटिव्ह कॅम्बर हवा, इथपर्यंत तो माणूस बरोबर आहे.

२ मिलिमीटर टो-आउट मात्र १८ इंची रिमवर पाव अंश होतं. किलोमीटरला जवळजवळ साडेचार मीटर घासणं, आणि ऑटोबानवर दोनशेच्या वेगात प्रत्येक खाचेला नाक डावं-उजवं शोधत राहणार. आतली कड दोन-तीन महिन्यांत तारांपर्यंत जाईल. पुढे टो शून्य ठेव. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये ओढताना पुढची चाकं बुशच्या लवचिकतेमुळे किंचित आत वळतात आणि ब्रेकला बाहेर, त्यामुळे शून्याच्या आसपास दोन्हीकडे तोल राहतो.

कॅम्बर पुढे उणे पावणेदोन ते दोन अंशांपासून सुरू कर. आणि मागचं सोडू नकोस. पुढची पकड वाढवून मागची तशीच ठेवली तर ओल्या रस्त्यावर अॅक्सिलरेटर सोडल्यावर शेपूट सुटेल. तुझ्या गाडीत ताकद मागे पोचवणारा क्लच पाय दाबल्यावर उपयोगी पडतो, पाय काढल्यावर नाही. मागे उणे दीड अंश आणि दर चाकाला ५ ते ८ मिनिटं टो-इन, दोन्ही बाजू सारख्या. पुढच्या कॅम्बरसाठी स्ट्रटच्या वरच्या टोकाला फिरवता येणारे माउंट लागतील. ते टीयूव्हीच्या (जर्मनीतल्या वाहन तपासणी संस्थेच्या) कागदपत्रांसह मिळणारेच घे आणि नोंद करून घे, नाहीतर विम्याचा प्रश्न येईल.

मग आकडे मोजून ठरव. त्यासाठी नॉर्डश्लायफं, म्हणजे नुर्बुर्गरिंगचा लांब ट्रॅक, नको, २०.८ किलोमीटरची फेरी संपवून तू थांबेपर्यंत टायर निवलेले असतात. हॉकेनहाइमला जा. तिथली ग्रां प्री फेरी ४.५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि पिटमध्ये लगेच येता येतं. सुई टोचून मोजणारा तापमापक घे, नुसता लांबून प्रकाश टाकणारा नको, कारण तो फक्त पृष्ठभाग मोजतो. थांबल्या थांबल्या डाव्या पुढच्या टायरच्या आत, मध्ये आणि बाहेर टोच आणि लिहून ठेव. आतली कड बाहेरच्यापेक्षा पाच ते आठ अंशांनी गरम असेल तर कॅम्बर बरोबर आहे. बाहेरची जास्त गरम असेल तर पाव अंश आणखी घे. आतली फारच तापत असेल तर कमी कर, नाहीतर सरळ ब्रेक मारताना टायर पूर्ण टेकणार नाही आणि थांबायचं अंतर वाढेल. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे. एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि पुढच्या फेरीच्या आधी हवा पुन्हा तपास.